नऊ भाषा, पक्की एकही नाही?

"नऊ भाषांत प्रोग्राम लिहून पाहिलेत, पण कुठलीही एक भाषा येते असं छातीठोक सांगता येत नाही." एका प्रोग्रामरची ही तक्रार. प्रयोगांच्या फोल्डरमध्ये चाळीसेक फाइली. अशा वेळी दोष भाषांच्या संख्येला दिला जातो. फाइली उघडल्यावर कारण निराळं निघालं: सगळीकडे तोच लूप, तेच फॅक्टोरियल. एकच धडा नऊदा गिरवलेला. रस्ट भाषेतला कोडही पायथन भाषेच्या वळणाचा; कम्पायलरने (कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामने) अडवलं की क्लोन() ठोकून, म्हणजे डेटाची प्रत काढून, मोकळं व्हायचं. डेटाची मालकी कुणाची, हा रस्टचा मुख्य मुद्दाच त्यात निसटला होता.

मग एकच प्रश्न घेतला: 'मराठी' या शब्दाची लांबी किती? आधी अंदाज कागदावर, मग कोड. त्यांनी सगळीकडे ३ लिहिलं. लांबी सांगणाऱ्या आज्ञा चालवल्या, तर स्विफ्ट भाषेच्या काउंटने ३ दिले, पायथनच्या लेनने ५ आणि गो भाषेच्या लेनने चक्क १५. पायथन कोड पॉइंट, म्हणजे सुटी चिन्हं, मोजतं: म, र, काना, ठ, वेलांटी. गो बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी अक्षरं धरतं. देवनागरीतलं नाव २० बाइटांवर कापलं, तर सातवं चिन्ह मधोमध का तुटतं, हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं. पुढचा प्रश्न उणे ७ भागिले २. पायथनमध्ये // या पूर्णांक भागाकाराच्या चिन्हाने उणे ४, सीमध्ये पूर्णांकांच्या भागाकाराने उणे ३. पायथन खालच्या पूर्णांकाकडे जातं, सी शून्याकडे.

"तुम्ही भाषा कमी करू नका, प्रश्न आधी लिहा," एवढंच सुचवलं. फाइलीच्या माथ्यावर चार ओळी: प्रश्न, अंदाज, भाषेची आवृत्ती, चालवायची कमांड. शेवटच्या दोन नसल्या की सहा महिन्यांनी फाइल चालत नाही. कोड तीसेक ओळींचा, वेळ अर्धा तास. इन्स्टॉलेशन त्यात धरायचं नाही, नाहीतर संध्याकाळ तेच खातं. अंदाज चुकला तर फाइल ठेवायची, का चुकला ते लिहून. वेगाच्या तुलना तूर्त बंद: चिमुकल्या प्रोग्राममध्ये सुरू होण्याचाच वेळ मोजला जातो, आणि निकाल कुठे वापरला नाही तर कम्पायलर तो हिशेबच गाळून टाकू शकतो. रोजच्या कामाची भाषा मात्र एकच, आणि जास्त वेळ तिलाच.

पुढच्या भेटीत चाळीसपैकी अकराच फाइली उरल्या होत्या. बाकीच्यांच्या माथ्यावर लिहायला प्रश्नच सापडला नाही.