कंस मांडून बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा हातात घेऊन महिना झाला आणि तिच्यातल्या मोनाड या कल्पनेपाशी गाडी अडली, असं तू लिहिलंस. मोनाड तूर्त बाजूला ठेव. त्याआधीची एक सवय मोडायची आहे. शाळेच्या बीजगणितात क्ष = ५ ठरलं, की गणित संपेपर्यंत तो ५च राहायचा. पायथॉन लिहिताना आपण ते विसरलो आणि क्षची किंमत ओळीओळीला बदलू लागलो. हॅस्केलमध्ये पुन्हा शाळेतला क्ष आहे.

मी एकट्यानेच शिकत होतो तेव्हा यादीतले आकडे एकेक करून एकत्र करणारी फोल्डआर आणि फोल्डएल ही दोन फंक्शन्स मला एकच वाटायची, कारण बेरजेत दोघांचं उत्तर सारखं येतं. मग वजाबाकी करून पाहिली आणि बुचकळ्यात पडलो. ऑनलाइन मंडळींना विचारलं, "फोल्डआर चुकतोय, मदत करा." उलट प्रश्न आला: तुझ्या मते उत्तर काय यायला हवं, आणि का? राग आला, पण कागद घेतला. १, २, ३ या यादीवर शून्यापासून सुरुवात केली, तर फोल्डआर म्हणजे १ − (२ − (३ − ०)), उत्तर २. फोल्डएल म्हणजे ((० − १) − २) − ३, उत्तर −६. कंस मांडताच कोडं सुटलं. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी अजून मानतो.

म्हणून विचारायला लाजू नकोस, पण कागद आधी. मग कोड जितका लहान करता येईल तितका कर, एरर जशीच्या तशी पूर्ण दे आणि कोणता टाइप (म्हणजे किमतीचा प्रकार: आकडा, मजकूर, यादी) अपेक्षित होता तेही लिही. एरर आपल्या शब्दांत सांगू नये. नेमकं महत्त्वाचं त्यातच गळतं. अडलेल्या जागी नुसता अंडरस्कोर ठेवलास, तर तिथे कोणता टाइप हवा ते जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर स्वतःच सांगतो. कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

ही भाषाही चर्चेतूनच घडली. १९८७ साली पोर्टलंडच्या परिषदेत जमलेल्या संशोधकांनी ठरवलं, की प्रत्येकाने आपापली जवळपास सारखीच भाषा चालवण्यापेक्षा एक सामाईक भाषा करू. पहिला अहवाल १९९०चा. मधली बरीचशी चर्चा ईमेलवर झाली.

आता मोनाड. तो डबा आहे, पेटी आहे, अशा उपमा वाचत बसू नकोस. माझा त्यात फार वेळ गेला. त्याऐवजी हे कर. नावावरून हजेरी क्रमांक, क्रमांकावरून उत्तरपत्रिका, उत्तरपत्रिकेवरून गुण: तीन फंक्शन्स, प्रत्येकाचं उत्तर मेबी टाइपचं, म्हणजे एकतर किंमत नाहीतर नथिंग (काहीच नाही), कारण प्रत्येक पायरीवर हाती काहीच न लागण्याची शक्यता आहे. ती एकात एक केस (कोणतं उत्तर आलं ते तपासणारी रचना) घालून जोड. 'नथिंग आलं तर नथिंग' हीच ओळ पुन्हा पुन्हा लिहून हात दुखेल. दुखू दे. मग ती ओळ एकदाच लिहावी लागेल असं छोटं फंक्शन स्वतः तयार कर आणि त्याचा टाइप हूगलमध्ये टाक. हूगल टाइपवरून फंक्शन शोधून देतं. तुझंच फंक्शन तिथे >>= या चिन्हाने आधीपासून बसलेलं सापडेल; त्याला बाइंड म्हणतात, आणि मोनाडचं मर्म तेच.

पण हूगल उघडण्याआधी तुझं फंक्शन मला पाठव, टाइपसकट. चुकलेलं असलं तरी चालेल.

तुझा,
दादा