एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे, पूर्ण इंजिन करावंच लागेल का?

दादा, इंजिन खोलायची घाई करू नका. तुमची 1998 ची मारुती 800, एलपीजी किट लावलेली. आयडलिंगला थरथरते, नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना दम टाकते. मेकॅनिकनं कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब मोजायचा, गेज लावला तर दोन सिलिंडरला 150 च्या आसपास आणि तिसऱ्याला फक्त 85 पीएसआय. तेवढ्यावरून तो रिंग-पिस्टन गेले, बोअर करा (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करा) म्हणून राहिला. मला नाही पटत.

पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजतात त्या सहसा तिन्ही सिलिंडरच्या सोबतच. दोन ठीक आणि एकच एवढा खाली, म्हणजे माझा पहिला संशय वॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांवर. त्यात गाडी गॅसवर चालते. गॅसवर एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कड, लवकर खचते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, संपते. मग वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, हवा सायलेन्सरकडे निघून जाते. म्हणून आधी थंड इंजिनवर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट तपासा. गॅप मॅन्युअलप्रमाणे करून पुन्हा कॉम्प्रेशन पाहा. कधी कधी काम इथंच संपतं.

टेस्ट नीट झाली होती का, तेही विचारा. इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन आणि गॅस बंद, आणि एक्सलरेटर पूर्ण दाबलेला हवा. थ्रॉटल बंद ठेवून सेल्फ मारला तर हवा आत येणार कुठून? मात्र अशा चुकीनं तिन्ही आकडे पडतात, एक नाही. टायमिंग बेल्टचा दात सरकला तरी तिन्ही पडतात. काही जण 'उंचीमुळे आकडा कमी येतो' म्हणतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर, इथं ती सबब चालत नाही बाप्पा.

आता वेट टेस्ट. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल टाका, थोडा सेल्फ मारून पसरू द्या, मग गेज लावा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग). ऑइल जास्त ओतू नका, त्यानं जागाच कमी होते आणि आकडा खोटाच वाढतो.

याहून खात्रीची तपासणी हवेची. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा हळूहळू सोडा आणि कान लावा. कार्बोरेटरमध्ये फुसफुस म्हणजे इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅसकेट. हवेनं इंजिन झटक्यात फिरू शकतं, तेव्हा पट्ट्याजवळ हात नको.

गाडी मे महिन्यात कधी गरम होऊन बंद पडली होती का? आपल्याकडे पारा 45 च्या पुढं गेला आणि रेडिएटर अर्धा चोंदलेला असला की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले तर मधलं गॅसकेट उडालं समजा. तुमचा दुसरा ठणठणीत आहे, त्यामुळे ती शक्यता कमी. पाण्याच्या बाजूनं गळती मात्र असू शकते.

वॉल्व्हच निघाला तर फक्त हेड उतरवा, इंजिन बाहेर काढायची गरज नाही. प्लग लावून हेड उलटं ठेवा आणि वॉल्व्ह बंद असताना चेंबरमध्ये थोडं रॉकेल भरा. पोर्टातून (हवा-धुराच्या वाटेतून) झिरपलं तर सीट खराब. सीट कटिंग, लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) करून घ्या, लेथवाल्याकडे हेडची खालची बाजू सपाट आहे का ते पट्टी लावून पाहायला सांगा, आणि वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल गळू न देणारे वॉल्व्ह स्टेम सीलही त्याच वेळी बदला. ते स्वस्त असतात, पण त्यांच्यासाठी हेड पुन्हा उतरवायचं म्हटलं तर मजुरी परत पूर्ण लागते.