व्हायरल लोड दिसत नाही, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

तुमच्या भावाला एचआयव्ही आहे, वय ४६, एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) नियमित, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासणीत दिसतही नाही. तरी डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली, म्हणून तुम्ही विचारताय. माझ्या मते डॉक्टरांचं बरोबर आहे.

विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह चालूच राहतो. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, चरबीचे थर लवकर साठतात. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. रिप्रीव्ह या मोठ्या चाचणीत एचआयव्हीसह जगणारे ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण होते, भारतातलेही. पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना सुमारे ३५ टक्के कमी झाल्या. निकाल २०२३ मध्ये आला.

एक मात्र नक्की पाहा: एआरटीच्या गोळ्यांत रिटोनाव्हिर हे औषध असेल तर सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन अजिबात चालत नाही, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांना एआरटीची चिठ्ठी दाखवाच, संकोच करू नका. आणि हृदयाच्या भीतीने एआरटी कधीही थांबवू नका. थांबवल्याने धोका उलट वाढतो. तंबाखू, विडी असेल तर ती आधी सोडायला लावा. बीपी, साखरही तपासून घ्या.