सांधे दुखतात, गिटार सोडून देऊ का?

"दुखणं मी सोसेन हो. पण वाजवून वाजवून मीच हाताची वाट लावते आहे का, एवढं सांगा."

साठीच्या आसपासच्या या बाई तीस वर्षं गिटार वाजवत होत्या. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांत झिजेचा संधिवात निघाला, आणि या धास्तीने सहा महिने त्यांनी गिटार बाहेर काढलीच नव्हती.

ही भीती मी अनेकांकडून ऐकते. झिजेच्या संधिवातात बेताने वाजवल्याने सांधा लवकर झिजतो असं नाही. हात अजिबात न हलवला तर उलट तो आखडतो. सांधा सुजलेला, गरम असेल तर मात्र विश्रांतीच घ्यावी. वाजवल्यानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कमी वाजवायचं. आमवाताची गोष्ट वेगळी, तिथे आधी तज्ज्ञांचे उपचार.

हे ऐकून त्यांना धीर आला, पण गिटार बॅगेतच राहिली. पुढच्या भेटीला मी ती आणायला सांगितली. दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, छान वाजल्या. एफ नावाच्या कॉर्डला हात थांबला. तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबायची आणि मागून अंगठ्याचा जोर द्यायचा. तो सगळा भार नेमका दुखऱ्या सांध्यावर. त्या रडल्या.

जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्टची डावी दोन बोटं 1928च्या आगीत निकामी झाली, तरी तो उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायचा, हे मी तेव्हाच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तो अठरा वर्षांचा होता." बरोबरच होतं त्यांचं. आपला जुना हात गेला याचं दुःख करायला त्यांना अजून कुणी उसंतच दिली नव्हती, आणि मीही घाईच केली. पुढच्या दोन भेटी आम्ही त्या हाताबद्दलच बोललो.

मग बाकीचं सोपं गेलं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने अंगठ्याला मऊ पट्टा दिला. गिटार दुरुस्त करणाऱ्याने तारांची उंची कमी केली, पातळ तारा चढवल्या. सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली उतरवून दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला: सूर पूर्वीचाच, पण तारा सैल आणि बोटं कमी ताणायची. वाजवण्याआधी हात कोमट पाण्यात. एका वेळी दहाच मिनिटं, गजर लावून.

राहिला एफ. आडवी तर्जनी सोडून फक्त चार बारीक तारा घ्या आणि त्यातली पहिली मोकळी ठेवा, असं मी सुचवलं. त्याने एफ मेजर सेव्हन ही जवळची पण वेगळी कॉर्ड वाजते. "हा एफ नाही," त्या लगेच म्हणाल्या. खरंच नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी एक जुनं गाणं त्याच कॉर्डवर वाजवून दाखवलं. त्या मोकळ्या तारेमुळे गाण्यात थोडी हुरहुर येते, असं त्यांचं म्हणणं आहे.