घर लिलावात गेलं, तरी वर बाकी कशाची?

“ताई, घर गेलं ते गेलं. आता वरनं आणि अडीच लाख कशाचे मागत्यात?”

हप्ते थकून घराचा ताबा गेलेली माणसं माझ्याकडं हा प्रश्न घेऊन येतात. त्याचं खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून संगीताची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

संगीताचा नवरा सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. 2017 साली दोघांनी एका गृहकर्ज कंपनीकडून 14 लाख घेऊन फ्लॅट घेतला. जामीनदार तिचा सख्खा भाऊ. पुढं काम सुटलं, मग नवऱ्याचं आजारपण निघालं आणि हप्ते थकले. साठ दिवसांत पैसे भरा अशी नोटीस आली ती कपाटात गेली. मग दाराला सील लागलं आणि फ्लॅट 13 लाख 10 हजारांना लिलावात गेला. त्यानंतर कंपनीचं पत्र आलं : तुमच्याकडं अजून 2 लाख 63 हजार येणे आहे, न भरल्यास जामीनदारावर कारवाई. तेव्हापासून भाऊ बहिणीच्या दारात आला नव्हता.

नवरा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. “आपणच कर्ज थकवलं. कुठल्या तोंडानं हिशेब मागायचा?” असं बहुतेकांना वाटतं, आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की कर्ज थकलं हे खरंच, पण म्हणून त्यांनी लिहिलेला प्रत्येक आकडा खरा ठरत नाही. हिशेब मागायला हप्ते वेळेवर भरलेले असावे लागत नाहीत.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. घराचा ताबा घेण्याची ही कारवाई 2002 च्या सरफेसी कायद्याखाली होते. त्याच्या कलम 13(7) प्रमाणे ताबा, जाहिरात, विक्री यांचा खर्च कर्जदाराकडून वसूल करता येतो, पण तो रीतसर झालेला असावा लागतो. रीतसर झाला की नाही हे आधी कंपनीच्या मतावर ठरतं ही गोम आहेच. पण झालेलाच नाही असा खर्च कुणाच्या मतानं रीतसर होत नाही. त्याच कलमात पुढं आहे की विक्रीची रक्कम कंपनीनं विश्वस्तासारखी सांभाळायची. त्यातून आधी खर्च, मग कर्ज, आणि काही उरलं तर ते हक्कदाराला परत. उरलेले पैसे आपले असतात हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

कंपनीला लिहिलेल्या पत्रात आम्ही आकड्यावर वाद घातलाच नाही. “एवढे कसे हो?” असं विचारलं की “नियमानुसार” असं उत्तर येतं आणि विषय संपतो. आम्ही मागितलं : पूर्ण खातेउतारा, खर्चाच्या प्रत्येक बाबीचं बिल, कर्जकरारातलं शुल्काचं पान, मूल्यांकनाचा अहवाल, ताब्याचा पंचनामा, विक्रीचा दाखला आणि लिलावाचे पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख. ही शेवटची तारीख जरूर बघा. पैसे उशिरा जमा दाखवले की तेवढ्या दिवसांचं व्याज तुमच्या डोक्यावर.

कागद आले तेव्हा कळलं, की मूळ येणे आणि व्याज 12 लाख 40 हजार, आणि त्यावर खर्च तब्बल 3 लाख 33 हजार! वकील 45 हजार, मूल्यांकन 15 हजार, जाहिराती 38 हजार, पहारेकरी 1 लाख 8 हजार, वसुली एजंट 60 हजार, दंड 42 हजार, सामान ठेवण्याचं भाडं 25 हजार.

जाहिरातीचं कात्रण संगीतानं जपून ठेवलं होतं. का ठेवलं, तिलाच सांगता येईना. ते टेबलावर पसरलं तर लिलावाच्या त्या एकाच जाहिरातीत नऊ कर्जदारांची नावं, नवव्या रांगेत ही. आणि 27 हजारांचं अख्खं बिल मात्र हिच्या खात्यात! तिच्या वाट्याला येत होते 3 हजार. ताब्याच्या नोटिशीचे 11 हजार मात्र बरोबर होते. ती दोन वर्तमानपत्रांत द्यावीच लागते आणि तीत हिचं एकटीचंच नाव होतं.

पहारेकरी सहा महिन्यांचा, महिना 18 हजारांनी. विक्रीच्या दाखल्याची तारीख बघितली तर नवीन मालकानं ताबा घेऊन चार महिने उलटले तरी पहारा चालूच. भाड्याची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. पंचनाम्यात ‘शिलाई मशीन 1, गॅस शेगडी 1, लोखंडी कपाट 1’ असं सामान, आणि खाली त्याच आठवड्यात ते परत मिळाल्याची तिची सही. ती त्याच मशीनवर ब्लाउज शिवत होती आणि कंपनी त्याचं भाडं लावत होती. एजंटाच्या शुल्काचा करारात उल्लेखही नव्हता.

हप्ते थकल्याच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आहे. दंड मुद्दलात मिळवायचा नाही, त्यावर व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं, जुनी कर्जं 30 जून 2024 पर्यंत त्यात आणायची होती. त्यानंतरही हिच्या खात्यात दंडावर व्याज चढत होतं.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी द्यायची, पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढची पायरी. बँकेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, गृहकर्ज कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं ‘ग्रिड्स’ हे तक्रारीचं पोर्टल. इथं लोक हमखास गोंधळतात आणि चुकीच्या दारात महिने घालवतात. लिलावच चुकीचा झाला असेल तर रस्ता वेगळा : कर्जवसुली न्यायाधिकरण, तेही कारवाईपासून 45 दिवसांच्या आत. संगीता आली तेव्हा ते दिवस निघून गेले होते, आणि घर परत मिळेल अशी आशा मी तिला लावली नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रारीचा मसुदा तिथल्याच वकिलांनी तपासून दिला.

कंपनीनं आधी ताणून धरलं. ‘ग्रिड्स’वर तक्रार गेल्यावर सुधारित हिशेब आला. एजंट आणि भाडं पूर्ण वगळलं, पहारा दोन महिन्यांचा 36 हजार, जाहिराती 14 हजार, दंड 17 हजार. वकील आणि मूल्यांकन तसंच राहिलं, कारण त्यांची बिलं खरी होती. एकूण खर्च 1 लाख 27 हजार, बाकी 57 हजार.

“म्हणजे द्यायचे तर आहेतच की,” नवरा म्हणाला. आहेतच. पण 57 हजार दोघांना सहा हप्त्यांत झेपण्यासारखे होते.

मधल्या काळात फोन येतच होते. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे तिनं एकाला शांतपणे ऐकवलं. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.

शेवटचा हप्ता भरल्यावर ‘बाकी नाही’ असं पत्र आलं. त्यात जामीनदाराचं नावच नव्हतं. संगीतानं ते परत पाठवलं आणि भावाचं नाव घालून नवीन मागवलं.