शेनम्यू ३ साठी पैसे भरलेल्या चाहत्यांना यू सुझुकीने फसवलं का?

फसवलं असं मी म्हणणार नाही. गृहीत धरलं, हे मात्र नक्की म्हणेन.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही घणसोलीत राहता, २०१५ मध्ये कॉलेजात असताना यू सुझुकी या जपानी गेमकाराच्या शेनम्यू मालिकेतल्या तिसऱ्या व्हिडिओ गेमसाठी किकस्टार्टरवर २९ डॉलर भरले होते, शेवटी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम मिळेपर्यंत २०२० उजाडलं आणि गेम संपला तेव्हा गोष्ट जिथल्या तिथेच होती. बिल्डरने बुडवल्यासारखं वाटतंय. शिवाय उद्या चौथ्या भागासाठी पैसे मागितले तर द्यावेत का, असंही विचारलंय.

बिल्डरची उपमा आमच्या ठाण्यातल्या तलावपाळीच्या गेमर कट्ट्यावरही निघाली होती. काढणारा अर्थातच घोडबंदर रोडचा. पण फ्लॅट घेताना करारनामा होतो, त्यात ताब्याची तारीख असते, ती चुकली तर महारेराकडे जाता येतं. किकस्टार्टर या वेबसाइटवर तुम्ही काही विकत घेतच नसता. एक कल्पना आवडली म्हणून पैसे लावता आणि बदल्यात बनवणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या असतात: कबूल केलेलं देण्यासाठी मनापासून काम करायचं आणि काम कुठवर आलंय ते सांगत राहायचं. माझ्या मते पहिल्या गोष्टीत सुझुकी पास झाला, दुसरीत काठावर लटकला.

जून २०१५ मध्ये ई३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात सोनीच्या मंचावरून घोषणा झाली तेव्हा दुसरा भाग येऊन चौदा वर्षं होत आली होती. पहिला भाग १९९९चा, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलवर, त्या काळातल्या सगळ्यात खर्चिक गेमपैकी एक. सेगाने पुढे हात आखडता घेतला तो घेतलाच. सुझुकीने मागितले २० लाख डॉलर; ते त्याच दिवशी जमले आणि महिन्याभरात आकडा ६३ लाखांवर गेला. पैसे देणारे ६९ हजारांहून जास्त. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण शेनम्यूच्या खर्चापुढे ती चणेफुटाणेच. सोनीचाही हातभार आहे हे मोहीम सुरू झाल्यावर कळलं. तिथेच पहिल्यांदा कुजबुज झाली: मग आमच्याकडे नेमके कशाला मागताय? उत्तर आलं, पण मागाहून. ही मागाहून सांगायची सवय पुढेही गेली नाही.

उशिराबद्दल मी त्याला दोष देत नाही. डिसेंबर २०१७ म्हणाले, मग २०१८, मग ऑगस्ट २०१९, आणि आला १९ नोव्हेंबर २०१९ला. आमच्यातला एक ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला आहे. तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे एक फॉर्म बनवायला दोन वर्षं लागतात, आणि तू शेनम्यूचं काय घेऊन बसलायस!"

खरा घोळ एपिकचा, म्हणजे स्टीमशी स्पर्धा करणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा. गेम स्टीमवर मिळणार या समजुतीत पीसीवाले चार वर्षं बसले होते. जून २०१९ मध्ये, गेम यायला जेमतेम काही महिने उरलेले असताना जाहीर झालं की पीसीवर तो एक वर्ष फक्त एपिकच्या दुकानात मिळेल. आणि ही बातमी पैसे देणाऱ्यांना कळली ती बाकीच्या जगासोबतच. आमच्या कट्ट्यावर प्लेस्टेशनवाले खांदे उडवत होते, "फुकटचं एपिकचं लाँचर अ‍ॅप तर टाकायचंय, त्यात काय एवढं?" म्हणून. पण लाँचर टाकायला किती वेळ लागतो हा मुद्दाच नव्हता. २०१८ मध्ये सेगाने पहिले दोन भाग पीसीवर आणले ते स्टीमवर. मी ते तिथे घेतले, तिसराही शेजारी येऊन बसेल असं धरून चाललो होतो, आणि माझ्या पैशाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या गेमचा सौदा मला न विचारता झाला होता. विचारणं सोडा, आधी एक मेल टाकायलाही कुणाचं काही जात नव्हतं. परतावा जाहीर व्हायला जुलै उजाडला. त्यात पैसे परत घ्या, प्लेस्टेशनची प्रत घ्या किंवा वर्षभर थांबून स्टीमची की (गेम उघडायचा कोड) घ्या, असे पर्याय होते आणि परताव्याचा खर्च एपिकने उचलला. म्हणजे शेवट ठीकच झाला. पण हेच पर्याय घोषणेच्या दिवशी दिले असते तर इतकी बोंब झाली नसती.

आता ठपका सुझुकीवर किती आणि प्रकाशक डीप सिल्व्हरवर किती? असले सौदे बहुतेक प्रकाशकच करतात. तरी पैसे मागताना पोस्टरवर सुझुकीचा चेहरा होता, तेव्हा उत्तर द्यायला तोच पुढे यायला हवा होता.

राहिला गेम. इथे माझं तुमच्याशी पटत नाही. गोष्ट पुढे सरकत नाही ही तक्रार खरी आहे: नायक र्‍योची बापाच्या खुन्याशी, लान दीशी, गाठ पडते, तो मार खातो आणि शेवटी चीनच्या भिंतीवर चालत निघतो. सुझुकीच्या म्हणण्याप्रमाणे इथवर कथा ४० टक्के झाली. माझ्या हिशेबाने फिरण्या-बिरण्यात एखादा अध्याय कमी करून लान दीचं प्रकरण तरी पुढे न्यायला हवं होतं. पण आपण पैसे कशाला दिले होते? जुन्या पद्धतीचा शेनम्यू हवा म्हणूनच ना? तो मिळाला. बाइलू गावात लाकडं फोडायची, औषधी वनस्पती वेचायच्या, आणि धावलं की ताकद उतरते म्हणून दुकानातून लसूण घाऊक विकत घेऊन चावत बसायचं. मारामारीच्या आधी अख्ख्या पिशवीभर लसूण खाणारा नायक मी दुसरा पाहिला नाही! हे सगळं २०१९ मध्ये कंटाळवाणं वाटू शकतं, मान्य. पण गेममधल्या न्याओवू शहरातल्या फोनवरून योकोसुकाला घरी फोन लावला आणि पलीकडून नायकाचं घर सांभाळणारी इने-सान बोलली, तेव्हा आमच्यातला सगळ्यात चिडलेला गडीही गप्प झाला होता.

तुलनाच करायची तर सायकोनॉट्स २ बघा. तोही चाहत्यांच्या पैशातून निघालेला दुसरा भाग, फिग या किकस्टार्टरसारख्याच साइटवर जवळपास ३८ लाख डॉलर जमवून. मध्येच २०१९ मध्ये एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी डबल फाइन कंपनी विकत घेतली. म्हणजे एपिकपेक्षा मोठा भूकंप. तरीही २०२१ मध्ये गेम आला तेव्हा प्लेस्टेशन ४च्या लोकांनाही मिळाला, कारण तसा शब्द दिला होता. डबल फाइनच्या टिम शेफरच्या लोकांनी कापलेल्या बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी लढती) नव्या मालकाच्या पैशाने परत घातल्या. उशीर तिथेही भरपूर झाला, पण शिव्या फारशा कुणी घातल्या नाहीत.

चौथ्या भागाचं म्हणाल तर मी देईन, पण आकडा आधी ठरवून: एका नव्या गेमच्या किमतीएवढे, ते गेले तरी रडायचं नाही अशा हिशेबाने. आणि पानावर तीन गोष्टी शोधीन. पीसीची प्रत कुठल्या दुकानातून मिळणार ते नावानिशी लिहिलंय का, प्रकाशक कोण, आणि बाकीचा पैसा कुठून येणार. २०२४च्या शेवटी तिसऱ्या भागाचे प्रकाशनाचे हक्क इनिन गेम्सने घेतलेत, त्यामुळे पुढच्या वेळी टेबलापलीकडची माणसं वेगळी असू शकतात. यातलं दुकानाचं नाव गाळलेलं दिसलं तर तुम्ही आधी प्रश्न टाका आणि उत्तर येईपर्यंत कार्ड खिशातच ठेवा.