आबांची एक रात्र आणि गोडी छाटणीचे ७ लाख

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आलाय. चार एकरांचा माल यंदा चांगल्या भावाने गेला, पीककर्ज भरून हातात १८ लाख आहेत. वडील, म्हणजे आबा, ७४ वर्षांचे. १९९६ साली बागायतदारांच्या एका सहलीत ते सिंगापूरला गेले होते. तिथल्या रॅफल्स हॉटेलच्या दारात पगडीवाल्या सरदारजी दरवानासोबत फोटो काढला आणि आत पाऊल न टाकता परतले. तो फोटो आजही ओसरीत आहे. आता मे महिन्यात घरच्या सहा जणांनी त्याच हॉटेलात चार रात्री राहावं का? खर्च त्यांनी पावणेअकरा लाख काढलाय आणि लिहिलंय, 'छाटणीचे ७ लाख बाजूला राहतातच.' (म्हणजे ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून पुढच्या द्राक्षपिकाला लागणारे पैसे.)

दादा, तेच राहत नाहीत. तुम्हाला आलेल्या दरपत्रकात एका सुइटच्या एका रात्रीच्या १,३०० सिंगापूर डॉलरपुढे अधिकची दोन चिन्हं आहेत, ती तुमच्या नजरेतून सुटली. सिंगापुरात त्यांचा अर्थ असा, की भाड्यावर आधी १० टक्के सेवा शुल्क आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. दोन सुइट, चार रात्री म्हणजे १०,४०० डॉलर. डॉलर ७० रुपयांचा धरून तुम्ही ७ लाख २८ हजार लिहिलेत. प्रत्यक्षात बिल होईल सुमारे १२,४७० डॉलरचं, म्हणजे ८ लाख ७३ हजार. त्यावर क्रेडिट कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के आणि त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६ हजार. विमानाचे २ लाख ४० हजार आणि खाणंपिणं-फिरण्याचा १ लाख हे तुमचेच आकडे ठेवले, तरी साडेबारा लाख होतात. उरले साडेपाच.

एकरी अडीच लाख खर्च तुम्हीच सांगितलात. चार एकरांचे १० लाख, त्यातले ३ लाख नव्या पीककर्जातून येतील. ते वेळेत फेडलं की व्याज जवळपास लागत नाही, ते जरूर घ्या. बाकीचे ७ घरचेच लागणार. दीड लाख कमी पडले, तर डिपिंगच्या वेळी, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवताना, औषधं दुकानदाराकडून उधारीवर आणाल. उधारीच्या बाटलीचा भाव रोखीसारखा नसतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं! त्यात फुलोऱ्यात पाऊस झाला, तर पुढच्या वर्षी ही उधारीसुद्धा डोक्यावर.

तरी 'जाऊ नका' असं मी म्हणणार नाही. ही वास्तू आहेच तशी. सार्कीज या आर्मेनियन भावांनी १८८७ मध्ये दहा खोल्यांच्या बंगल्यात हॉटेल सुरू केलं. १९८७ मध्ये सिंगापूर सरकारने ते राष्ट्रीय स्मारक ठरवलं. मोठी डागडुजी होऊन २०१९ मध्ये ते पुन्हा पूर्ण उघडलं, आता तिथे ११५ सुइट आहेत. साधी खोली नाहीच, म्हणून भाडं कमी करायला वावही नाही. तिथल्या लाँग बारमध्ये शेंगा फोडून टरफलं खुशाल जमिनीवर टाकतात. एवढ्या टापटिपीच्या शहरात हे बघून आबांची करमणूक होईल. 'नुसतं टिफिन रूममध्ये जेवून या' असा स्वस्तातला सल्लाही देता आला असता. पण एकदा दारातून परतलेल्या माणसाला पुन्हा ताटावरून उठवून बाहेर काढायचं, हे मला पटत नाही. एक रात्र झोपू द्या त्यांना तिथे.

म्हणजे दोन सुइट, एकच रात्र: २ लाख १८ हजार. आधीच्या दोन रात्री लिटल इंडियात, साध्या हॉटेलात. तीन खोल्या, कर धरून प्रत्येकी २२० डॉलर म्हटलं तर ९२ हजार. शाकाहारी जेवणाची चिंता नाही, सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे. विमान, जेवणखाण, कार्डाचा अधिभार धरून सगळं साधारण ६ लाख ६० हजारांत बसतं. छाटणीचे ७ लाख आजच वेगळ्या एफडीत टाका. उरलेल्या ४ लाख ४० हजारांतून ट्रॅक्टरच्या कर्जाचे राहिलेले १ लाख ४० हजार फेडून टाका आणि ३ लाख पावसापाण्याची बेगमी म्हणून ठेवा. रॅफल्सच्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका, दुपारी खोली मिळाली की संध्याकाळ तिथेच घालवा. एवढं भाडं भरून दिवसभर बाहेर उन्हात फिरायचं कशाला?

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत, तर टीसीएस, म्हणजे आयकराची आगाऊ रक्कम, कापतील. तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावरच. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही रिटर्न भरत नाही, असं दिसतंय. मग ती रक्कम अडकून पडेल. बिलाच्या वेळी मशीन 'रुपयांत की डॉलरमध्ये' विचारेल, तिथे डॉलर दाबा.

आबांचा प्रवास विमा बीपी-शुगर न लपवता काढा, हप्ता जास्त बसला तरी. आगाऊ पैसे भरून मिळणारा स्वस्त दर त्यांच्यासाठी नको, रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. आणि दोन्ही सुइट शेजारी-शेजारी देणार, हे ईमेलवर लिहून घ्या. आबांना रात्री दोनदा उठावं लागतं, असं तुम्हीच लिहिलंय.